यानं नेलं

मानवतच्या एका जिनिंगमध्ये, कापसाचा हंगाम संपून यंत्रं बंद असताना, एका विनोदी कलाकाराने अंतराळयानाची एक कॅसेट भरली. नव्वद साल उजाडायच्या थोडं आधीची ही गोष्ट. कॅसेट विनोदी नव्हती. तिच्यात इलेक्ट्रिक गिटार होती, हलगी होती, फाटक्या स्पीकरची घरघर होती, आणि एकेक गाणं इतकं लांब होतं की ऐकणाऱ्याचा चहा निवून जाई. ती भरणाऱ्याची इच्छा एकच होती. लोकांनी ती न हसता ऐकावी.

त्याला ओळखणाऱ्या कुणालाही ही इच्छा साधी वाटली नसती. तो परभणीच्या एका ऑर्केस्ट्रात नकला करायचा. हलगी, ढोलकी, पेटी तिन्ही वाजवायचा, पण ते कुणाच्या ध्यानात राहत नसे. लोक त्याला नकल्या म्हणत. एसटीचा कंडक्टर, लिलावात भाव पुकारणारा अडत्या, मानपानावरून रुसलेला व्याही, रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमातले दोन न थकणारे गृहस्थ, हे त्याचे हातखंडा विषय. जत्रेत किंवा गणपतीत गायिकेचा घसा बसला की त्याला पुढं ढकलत. त्याने माइकजवळ येऊन नुसतं खाकरलं तरी मांडवाच्या मागच्या रांगेतून हसू उठे आणि पुढं सरकत येई.

मी त्या काळात मानवतहून एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. मोंढ्यातले भाव, अपघात, येलदरीच्या धरणातलं पाणी, सभा, बंद. बातम्यांचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं आणि ते पोचेल असं समजून घरी यायचं, असा तो व्यवहार होता. नकल्याचं गाव देवगाव फाट्यापासून जवळ. फाट्यावर गाडी बदलताना आमची गाठ पडे. तिथल्या हॉटेलात पत्र्याखाली दोन बाकडी होती, आणि हॉटेलमालकाकडे एक टेपरेकॉर्डर होता. त्याच्यावर पुसायचं फडकं कायम टाकलेलं असे.

नकल्याचा बाप वारला त्या हिवाळ्यात तो बरेच दिवस दिसला नाही. दिसला तेव्हा डोक्यावर नुकतेच केस आले होते. चहा सांगितला आणि म्हणाला, "हसले, पेपरवाले."

"कोण?"

"तेराव्याला. सगळे दोन दोन शब्द बोलायले म्हणून म्या बी उठलो. आवंढा आला म्हणून खाकरलो. तर पंगतीतला एक जन हसला. मंग त्याच्या शेजारचा. मंग सगळी पंगत."

"मुद्दाम नसतील हसले."

"मुद्दाम हसले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. हे न ठरवता हसले. त्याला काय करावं मानसानं?" त्याने बशीत चहा ओतला आणि तसाच ठेवला. "माफी बी मागितली नंतर. ती बी हसत हसत."

त्याचा बाप दर वर्षी ऊसतोडीला जायचा. दसरा झाला की फाट्यावर ट्रक लागे. आईबाप, भांडी, कोंबड्या, ज्वारीचं पोतं सगळं ट्रकात चढे आणि हा मामाकडे राही. पाऊसकाळ जवळ आला की ती माणसं परत येत, काळी पडलेली, वाळलेली. घरात चार महिने राहून पुन्हा ट्रक. बापाशी आपलं नीट बोलणं कधी झालं नाही, असं तो म्हणाला. तेराव्याला तो तेच सांगणार होता.

"आता एकदा सांगायचं हाय," तो म्हणाला. "फकस्त एकदा. आन लोकांनी गप ऐकायचं."

संगीत त्याला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडलं. परभणीच्या शेतकी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तो नकला करायला गेला होता. वसतिगृहात ईशान्येकडच्या डोंगराळ मुलखातला एक विद्यार्थी राहायचा. त्याला मराठी येत नव्हतं, त्यामुळे नकलांना न हसणारा त्या सभागृहात तो एकटाच. नकल्या कार्यक्रम संपल्यावर मुद्दाम त्याच्या खोलीवर गेला. न हसणारा माणूस जवळून पाहायचा होता, हे त्याचं स्पष्टीकरण. त्या खोलीत परदेशी कॅसेटींचा एक खोका होता. येताना तो त्यातल्या दोन भरून घेऊन आला.

फाट्यावर त्यातली एक लावली तेव्हा हॉटेलमालक भटारखान्यातून धावत बाहेर आला. "डीपी जळाला का काय?" त्याने आधी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं, मग टेपकडे.

"गाणं हाय ते," नकल्या म्हणाला.

"कोन कोनाला मारायलाय त्यात?"

नकल्याचं लक्ष नव्हतं. तो बाकड्यावर बोटांनी मोजत होता. "सात. आता पाच. परत सात. बगा, पेपरवाले, समेवर येतच न्हाई बेटं. फिरवतंय, फिरवतंय, आन आलं की कसं येतंय, दार आपटल्यावानी." मग म्हणाला, "आमच्या गावची हलगी असंच फिरवती. हे लांबचं हाय, पण अनोळखी न्हाई."

हलगी तो गावातल्या वाजवणाऱ्यांकडून शिकला होता. त्यांच्या वस्तीत जाऊन बसायचा, म्हणून लहानपणी घरी मार खाल्ला होता. त्या वर्षांत अशा जाण्यायेण्याकडे लोक बारकाईने पाहत. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा दोन भागांत उभा राहिला होता. एखादी अफवा आली की बाजार बंद होई, एसट्या आगारात उभ्या राहत आणि ऑर्केस्ट्राचे ठरलेले कार्यक्रम रद्द होत. त्या रिकाम्या दिवसांतच त्याची गाणी तयार झाली.

अंतराळ त्यात कुठून आलं, तेही सांगायला हवं. आमच्या दैनिकात रविवारी जागा भरायला विज्ञानाचा एक मजकूर येई. एकदा त्यात लिहिलं होतं की एखादं यान अतिशय वेगाने गेलं तर त्यातल्या माणसांचा काळ हळू चालतो. ती परत येतात तेव्हा मागे राहिलेली माणसं म्हातारी झालेली असतात. नकल्याने ते मला मोठ्याने वाचायला लावलं.

"हे खरं हाय का?"

"शास्त्रज्ञ म्हणतात."

"म्हंजी बाप तिशीचा, आन पोरगं साठीचं?"

"असं होऊ शकतं."

त्याने पेपर माझ्या हातातून घेतला आणि त्याची घडी घातली. म्हणाला, "मंग कळलं माझा बाप कुठं जायचा ते."

कॅसेटमधली गोष्ट अशी होती. दुष्काळाचं वर्ष. येलदरीचं पाणी आटलेलं. भेगाळलेल्या गाळात एक यान उतरतं आणि धडधाकट जोडप्यांना कामाला घेऊन जातं. दुसऱ्या एका ग्रहावर चांदीच्या रंगाचं, माणसाच्या दुप्पट उंचीचं पीक उभं असतं. ते तोडायचं. तोडून झालं की यान त्यांना परत सोडतं. ती माणसं जाताना होती तेवढ्याच वयाची असतात. फाट्यावर त्यांची वाट पाहत बसलेला मुलगा पांढऱ्या केसांचा झालेला असतो. बाप त्याला ओळखत नाही. म्हणतो, "बाबा, आमचं पोरगं दिसलं का तुम्हाला?"

ग्रहाचं नाव काय, असं मी विचारलं. बातमीत गावाचं नाव आधी लागतं, ही सवय.

"नाव न्हाई ठेवायचं," तो म्हणाला. "नाव ठेवलं की दोन पार्ट्या पडत्यात. बगायलोत की आपन."

जिनिंगच्या मालकाने शेड वापरायला दिली, कारण त्याच्या मुलीच्या लग्नात नकल्याने व्याह्यांना हसवून मानपानाचं भांडण मिटवलं होतं. शेडमध्ये न उचललेल्या रुईच्या गाठी पडून होत्या. हमालांनी त्या चारी बाजूंनी रचल्या. आत उभं राहून बोललं की आवाज तोंडातून निघून तिथंच पडल्यासारखा वाटे. बाहेरचा टांगा, भोंगा, कुत्रं काही ऐकू येत नसे. मोठ्या शहरातल्या स्टुडिओत भिंतींना काय लावतात ते आम्हाला माहीत नव्हतं, पण त्याने मानवतच्या कापसाइतकं काम केलं असेल असं वाटत नाही. एकच त्रास होता. रुईचे तंतू हवेत तरंगत आणि घशात जात.

गिटार वाजवायला ऑर्केस्ट्रातलाच एक जण होता. दिवसा तो बँकेत कारकून असे आणि रजेच्या अर्जावर दर वेळी पोटदुखी लिही. मंडपवाल्याने अँप्लिफायर आणि स्पीकर आणले. त्यातला एक स्पीकर गणपतीच्या मिरवणुकीत फाटलेला होता. तो चुकून आला म्हणून मंडपवाला ओशाळला.

"हा ऱ्हाऊ द्या हो. उद्या चांगला आनतो."

"वाजवून बगू की आधी," नकल्या म्हणाला. गिटारवाल्याने तार छेडली. मळणीयंत्रात ओली पेंढी अडकल्यावर येतो तसा आवाज आला. नकल्याने डोळे मिटून घेतले. "हाच. हाच पायजे."

"अहो, फाटका हाय तो. लोक म्हनतेल, मंडपवाल्यानं खराब माल दिला. माझ्या धंद्याची इज्जत हाय."

"कॅसेटवर छापू का, स्पीकर मुद्दाम फाटका हाय म्हणून?"

"छापाच."

ते खरोखर छापलं गेलं, वेष्टनावर तळाशी, बारीक अक्षरांत. दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याने स्वतःहून एक चांगला स्पीकर आणला आणि खिशातून दाढीचं पातं काढून विचारलं, "ह्यो बी फाडू का? जोडी होईल."

गाताना अडचण वेगळीच निघाली. नकल्या माइकसमोर उभा राहिला आणि गिटारवाला हसू लागला. त्याने आवरायचा प्रयत्न केला, तोंड फिरवलं, ओठ चावले. उपयोग झाला नाही. त्याचाही दोष नव्हता. वर्षानुवर्षं ज्या चेहऱ्यापुढं पोट धरून हसला, तोच चेहरा समोर होता. शेवटी नकल्याने माइक उचलला आणि तो गाठींच्या मागे गेला. सगळी कॅसेट त्याने तिथून गायली. आम्हाला दिसे ती फक्त माइकची वायर, गाठींच्या फटीत शिरलेली. काही ठिकाणी तो गात नसे, ओरडत असे. रानडुकरं पिकात शिरली की माळ्यावरून राखणदार देतात ती घोगरी, छातीच्या तळातली हाळी. गाठींच्या मागून ती आली की मंडपवाला बिडी तोंडाकडे न्यायची विसरून जाई.

गाण्यात एक जागा होती. हलगीच्या सात मात्रांवर एक ओळ परत परत येई: यान आलं, यान नेलं. मी हरकत घेतली.

"'यानानं नेलं' असं पाहिजे. यानाने कुणाला तरी नेलं. 'यान नेलं' म्हणजे कुणीतरी यानच पळवलं."

गाठींच्या मागून मांडीवर मोजल्याच्या थापा ऐकू आल्या. "'यानानं' म्हनलं की आठ होतेत. एक मात्रा उरती. ती कुठं ठिवू?"

"पण व्याकरण..."

"पेपरात जागा कमी पडली की तुमी काय करता?"

"कापतो."

"मंग कापा एक 'नं'."

एक 'नं' कापला गेला.

मलाही त्याने कामाला लावलं होतं. दोन गाण्यांच्या मध्ये बातम्या होत्या, आणि त्या वाचायला त्याला माझा आवाज हवा होता. "तुमचा आवाज कोरडा हाय," असं त्याने तोंडावर सांगितलं. मजकूर मी लिहिला. येलदरी जलाशयाच्या कोरड्या पात्रात आज एक यान उतरले. धडधाकट जोडप्यांना घेऊन ते सायंकाळी रवाना झाले. मुले व वृद्ध मागे राहिले. परतीची वेळ समजू शकलेली नाही. एवढंच.  नकल्या गाठींच्या मागून बाहेर आला. केसांना, भुवयांना रुई चिकटली होती.

"बगा. तुमी वाचलं तर कुनी हसलं न्हाई. काय करता तुमी?"

"काही करत नाही."

"त्येच मला जमंना."

कॅसेटच्या नकला परभणीच्या एका दुकानात काढल्या आणि वेष्टन शहरातल्याच एका छापखान्यात छापलं. कॅसेटचं नाव 'यान'. तिथला कंपोझिटर जुना, खिळे जुळवण्यात हात बसलेला. त्याला यान हा शब्द पूर्ण वाटला नाही. घाईत शेवटचा अनुस्वार द्यायचा राहिला असणार, असं समजून त्याने तो देऊन टाकला. यान म्हणजे अवकाशात जाणारं वाहन. यानं म्हणजे ह्या माणसाने. नव्या चित्राचा ब्लॉक करायला वेळ नव्हता, म्हणून ऑर्केस्ट्राच्या जुन्या हँडबिलाचा ब्लॉक वापरला. त्यात नकल्याने डोळे तिरळे करून जीभ बाहेर काढली होती. तर वेष्टनावर तो चेहरा, वर मोठ्या अक्षरांत 'यानं', आणि तळाला 'स्पीकर मुद्दाम फाटका आहे'. ती कुठल्या फळीवर ठेवावी याबद्दल दुकानदाराला क्षणभरही शंका आली नसेल. तमाशातल्या बतावण्या आणि विनोदी कथाकथन यांच्या मध्ये ती लागली.

गणपतीत ती जिल्हाभर पोचली. लोक हसण्यासाठी विकत घेत, लावत आणि हसत. गिटारीला हसत, हाळीला हसत. माझ्या बातम्यांनाही हसत. तो माझी नक्कल करतोय, असा बहुतेकांचा समज झाला. गाताना यान शब्दातला 'न' लांबला होता, त्यामुळे कापलेला 'नं' ऐकणाऱ्यांच्या कानात परत येऊन बसला. यानं आनलं, यानं नेलं. ते वाक्य घरोघर गेलं. बाजारात टोपलीतला कांदा कमी दिसला की विकणारी बाई शेजारणीकडे बोट दाखवून म्हणे, "यानं नेलं." पंगतीत जिलबी संपली की एकमेकांकडे बोटं. मानवतच्या मोंढ्यात एका सभेत पुढाऱ्याने विचारलं, "आपल्या हक्काचं पाणी कुणी पळवलं?" तर मागून दहा जण एका सुरात म्हणाले, "यानं नेलं!" आणि बोटं पुढाऱ्याकडेच. ती बातमी मी पाठवली होती. छापूनही आली.

ऑर्केस्ट्राच्या मालकाची तर चैन झाली. फर्माईशीच्या चिठ्ठ्यांत तेच येऊ लागलं. सेलूच्या कार्यक्रमात मी हजर होतो. तो माइकवर आला आणि त्याने सुरुवात केली ती अगदी सरळ चेहऱ्याने, आवाज खाली ठेवून, हात पाठीमागे बांधून. बाप परत येतो ते कडवं त्याने जवळजवळ बोलत म्हटलं. बाबा, आमचं पोरगं दिसलं का तुम्हाला? मांडव कोसळायचा बाकी राहिला. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. एका म्हाताऱ्याला हसून हसून ठसका लागला आणि त्याला पाणी द्यावं लागलं.

कार्यक्रमानंतर तो मांडवामागे खुर्चीवर बसला होता. मालकाने त्याची पाठ थोपटली. "काय चेहरा ठिवला होता रे! कुठून आनतो असलं?"

"घरून," तो म्हणाला. मालक त्यालाही हसला.

माझ्याकडे वळून तो म्हणाला, "खतम झालं, पेपरवाले. बापाला तेराव्याला हसले ते गावातले हसले. आता जिल्हा हसायलाय. म्याच नेऊन दिला त्याला."

मी शेजारची खुर्ची ओढून बसलो. 

दसऱ्यापर्यंत विनोद शिळा झाला. लोकांनी कॅसेटच्या मागच्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली. त्या काळी कॅसेट फेकून देत नसत. पुढे कित्येक वर्षं जिल्ह्यातल्या घरांमध्ये प्रेमगीत संपून दुसरं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या जागेत माझा आवाज यायचा, परतीची वेळ समजू शकलेली नाही, आणि घरातली माणसं टेप बिघडला असं समजून त्याला चापटी मारायची.

दिवाळीआधी एका दुपारी मी फाट्यावर सेलूच्या गाडीची वाट पाहत होतो. ऊसतोडीचे ट्रक लागले होते. त्याच्या गावची माणसं निघाली होती आणि तो चुलतीला पोचवायला आला होता. चुलती साठीच्या पुढची. बाप गेल्यापासून नकल्याची आई जायची थांबली होती; त्या घरातून आता चुलती आणि तिचे मुलगा-सून जात. त्याने तिचं गाठोडं ट्रकात चढवलं, शेळी चढवली, मग चुलतीला हात दिला. ट्रक अर्धा भरला होता. बायका जागा धरून भांड्यांमध्ये बसल्या होत्या. कुणीतरी विसरलेली परात आणायला माघारी गेलं होतं म्हणून सगळे खोळंबले होते.

ड्रायव्हर लांबचा, साखर कारखान्याच्या मुलखातला. आमच्याकडचा नव्हता. त्याने कंटाळून केबिनमधला टेप लावला, आणि मागच्या बाजूला ट्रकाच्या लाकडी फाळक्यावर बांधलेल्या कर्ण्यातून हलगी सुरू झाली. मग गिटार.

नकल्या फाळक्याला धरून उभा होता. त्याने हात सोडला. "बंद करायला सांगतो," असं म्हणून तो केबिनकडे निघाला.

"का हो?" ड्रायव्हर म्हणाला. "लय भारी हाय. मागच्या खेपेला परभणीत घेतली. ही लावली की झोप येत न्हाई बघा. कोण हाय म्हाईत न्हाई, पण ह्याचं काळीज जळालंय."

ड्रायव्हर त्याला ओळखत नव्हता, आणि वेष्टन त्याने कधीच फेकून दिलं होतं. नकल्या तिथंच थांबला.

ट्रकात एका पोराने ओळख लागताच बोट दाखवलं. "यानं नेलं!" दोघेतिघे हसले. गाणं चालू राहिलं. यान आलं, यान नेलं. पोराने पुन्हा बोट उचललं. ह्या वेळी ते ट्रकाच्या पुढच्या बाजूला, केबिनकडे रोखलं गेलं, कारण शेजाऱ्याकडे रोखायला गर्दीत हात वळेना. भांड्यांमध्ये बसलेल्या एका बाईने त्या बोटाच्या रोखाने पाहिलं.

"मंग खोटं काय त्यात?" ती म्हणाली. "यानंच नेलं की. दर साली ह्योच नेतोय."

कुणी हसलं नाही. पोराने हात खाली घेतला. तेवढ्यात आटलेल्या धरणाचं कडवं आलं, आणि मागे ठेवलेल्या मुलांचं. एक तरुण बाई ट्रकाच्या कडेला सरकली आणि खाली फाट्यावर उभ्या असलेल्या आपल्या सासूकडे पाहू लागली. सासूच्या कडेवर मूल होतं. पोरगा कुणाशी तरी काहीतरी बोलायला गेला.

"गप रं," चुलती म्हणाली. "ऐकू दे."

परात आणायला गेलेला माणूस आला. त्यालाही कुणीतरी हातानेच गप केलं. तो परात छातीशी धरून खाली उभा राहिला. बाप परत आला, पोराला ओळखेना झाला. मुकादम हॉटेलातून बाहेर येऊन "चला, चला" म्हणाला आणि कुणी हललं नाही तेव्हा तोही थांबला. गाणं पुरं लांब होतं. ते संपलं, आणि त्याबरोबर ती बाजूही संपली. टेपचं बटण खटकन वर आल्याचं कर्ण्यातून ऐकू आलं.

चुलतीने फाळक्यावरून वाकून खाली पाहिलं. "आवाज बदलून म्हनला व्हय रं तू?"

"न्हाई, काकी. माझाच हाय."

"भाऊजींचं हाय हे?"

"हाव."

 तिने केबिनच्या दिशेने हाका मारल्या. "ओ डायवर! उलटी करून लावा की ती. दुसऱ्या बाजूला असंल अजून."

परातवाला चढला. फाळका वर करून साखळी लावली. ड्रायव्हरने कॅसेट उलटी केली आणि गाडी सुरू केली. ट्रक मुख्य रस्त्याला लागेपर्यंत दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं होतं. मागे राहिलेली म्हातारी माणसं, मुलं पांगली. माझी सेलूची गाडी आली, तीही मी जाऊ दिली. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, ट्रक गेला त्या दिशेला तोंड करून. एका सायकलवाल्याने ओळखून दात काढले. त्याने पाहिलं नाही.

मी हॉटेलच्या पत्र्याखालून हाक मारली. "या, चहा सांगतो."

त्याने न वळता हात वर केला.

"थांबा," तो म्हणाला. "अजून ऐकू येतंय."